ग्रीस जळायचं ते दिवस : माउंटन बाइकच्या सुरुवातीच्या काळाबद्दल

डोंगरउतार

गेल्या शनिवारी गॅरेजमध्ये माझी १९८८ सालची सायकल पूर्ण उघडली. स्टीलची फ्रेम, पुढचं चाक धरणारा साधा ताठ चिमटा, २६ इंची चाकं, हँडलवर अंगठ्याने ढकलायचे गिअर. मी कॅलिफोर्नियात शिकायला आलो तेव्हा एका घराच्या अंगणात मांडलेल्या जुन्या सामानातून ती घेतली होती. तिच्यावरच मी पहिल्यांदा टॅमलपायस डोंगर चढलो. मागच्या चाकाच्या मधला हब उघडला आणि जुन्या ग्रीसचा वास आला. म्हटलं, हे लिहायलाच हवं.

मी राहतो ते सॅन रफेल मरीन काउंटीत आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलापलीकडे. इथून जवळच फेअरफॅक्स गाव आणि त्याच्या वर पाइन माउंटन. त्या डोंगरावरून कॅस्केड कॅनियनकडे एक कच्ची वाट उतरते. वणवा लागला तर अग्निशमन दलाच्या गाड्या वर नेता याव्यात म्हणून काढलेली. सुमारे दोन मैलांत १३०० फूट उतार, सुट्टे दगड, पावसाने पडलेल्या चऱ्या आणि पुढचं काही न दिसणारी वळणं. १९७० च्या दशकात इथली काही पोरं या वाटेवरून जुनाट सायकली खाली सोडायची.

त्या सायकली म्हणजे श्विन कंपनीच्या १९३०-४० च्या दशकातल्या एक्सेलसियरसारख्या गाड्या. मुळात पेपर टाकणाऱ्या पोरांसाठी बनवलेल्या, फुगीर २६ बाय २.१२५ टायरच्या. भंगारात आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागे पडलेल्या या गाड्या चार-पाच डॉलरला मिळायच्या. मडगार्ड, टाकीसारखा दिसणारा पत्रा, कॅरियर असं सगळं काढून टाकायचं आणि उरेल ती गाडी डोंगरावर न्यायची. त्यांना ‘क्लंकर’ म्हणत. वजन वीस किलोच्या आसपास.

ब्रेक एकच, मागच्या हबात. उलट पायडल मारलं की लागणारा. दोन मैल तो दाबत आलं की हब इतका तापायचा की आतलं ग्रीस पातळ होऊन जळायचं. मागून धुराची रेघ निघायची. खाली पोचलं की हब उघडून साफ करायचा, नवं ग्रीस भरायचं, मगच पुढची फेरी. ‘रीपॅक’ म्हणजे पुन्हा भरणं. वाटेचं नाव त्यावरूनच पडलं आणि शर्यतीचंही.

पहिली रीपॅक शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ला झाली. चार्ली केली हा तिचा आयोजक. तो नावं लिहून घ्यायचा, वेळ लावायचा. एकेकाला ठरावीक अंतराने सोडायचं आणि वेळ मोजायची, म्हणजे लढत घड्याळाशी. पहिल्या दिवशी ॲलन बाँड्स जिंकला, कारण न पडता खाली आलेला तो एकटाच होता. पुढे गॅरी फिशरने ४ मिनिटं २२ सेकंदांचा विक्रम केला, तर जो ब्रीझची सर्वोत्तम वेळ ४:२४. दोन मैलांच्या दगडी उतारावर दोन सेकंदांचा फरक!

मी तो उतार अनेकदा उतरलोय. माझ्या गाडीला पुढेमागे रिमवर लागणारे चांगले ब्रेक आहेत, तरी खाली येईपर्यंत पंजे बधिर होतात. एका पायडल-ब्रेकवर ते लोक कसे आले असतील, हे दर वेळी मनात येतं.

तुमच्यापैकी कोणी जुन्या माउंटन बाइक चालवल्या असतील, सांभाळल्या असतील तर लिहा. सुटे भाग, टायर, आठवणी, सगळं चालेल.

---

पेठकर

फार छान लिहिलंय. पुण्यात आमच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, भाड्याने द्यायच्या बारा सायकली आणि बाकी दुरुस्ती. तुम्ही ‘रीपॅक’ म्हणालात आणि माझ्या डोळ्यांसमोर आमची पाटी आली, ‘ओव्हरॉइलिंग करून मिळेल’. मूळ इंग्रजी शब्द वेगळा असणार, पण पुण्यात सगळे ओव्हरॉइलिंगच म्हणायचे. दिवाळीच्या सुट्टीआधी गाड्यांची रांग लागायची. हब उघडायचा, कप-कोन, म्हणजे छरे ज्यांच्यामध्ये फिरतात ते भाग, रॉकेलने धुवायचे, छरे डालड्याच्या डब्याच्या झाकणात काढायचे, खराब झालेले बदलायचे, बोटाने ग्रीस भरायचं. ते काम मी आठव्या वर्षापासून केलं.

एक विचारतो. आमच्याकडे गाड्यांना रॉडचे ब्रेक. रबर रिमला खालून लागायचं आणि पावसात रिम ओली झाली की भगवंतावर भरवसा. उलट पायडलचा ब्रेक मी हातात घेऊन कधी उघडलेला नाही. तो आत नेमका कसा चालतो? आणि इतका तापतो तर त्यांनी तोच का ठेवला?

---

डोंगरउतार

काका, नमस्कार. बोटाने ग्रीस भरणारा माणूस धाग्यावर आला, फार आनंद झाला.

पुढे पायडल मारलं की आतल्या आट्यांवरून एक तुकडा एका बाजूला सरकतो आणि हबच्या कवचाला पकडून चाक फिरवतो. मागे पायडल मारलं की तोच तुकडा आट्यांवरून उलट सरकतो आणि ब्रेकच्या धातूच्या पट्ट्या फाकवतो. त्या हबच्या आतल्या भिंतीवर घासतात. मागच्या चाकाच्या ॲक्सलला एक लोखंडी पट्टी असते, ती फ्रेमच्या नळीला बांधलेली असते. ब्रेकचा जोर तिथे जातो, नाहीतर ॲक्सलच फिरला असता.

म्हणजे घासणारे भाग आणि छरे एकाच बंद डब्यात, एकाच ग्रीसमध्ये. सपाट शहरात काही अडत नाही. पण वीस किलोची गाडी आणि सत्तर किलोचा माणूस चारशे मीटर खाली आणायचा तर तेवढी सगळी उष्णता मुठीएवढ्या हबात साठते.

तोच का ठेवला? कारण त्या गाड्यांवर दुसरं काही बसवायला जागाच नव्हती. रिमा क्रोमच्या लोखंडी, तुम्ही म्हणता तशा ओल्या झाल्या की निसरड्या. शिवाय जुने हब, विशेषतः ‘मॉरो’ नावाचा, मजबूत होते. मरीनमधली पोरं ते हब शोधत भंगार दुकानं पालथी घालायची.

पण त्या हबची खरी अडचण चढावर होती. एकच गिअर, त्यामुळे वर जाताना गाडी ढकलायची किंवा कोणाच्या ट्रकमध्ये टाकायची. सुटका दोन टोकांनी आली. १ डिसेंबर १९७४ ला मिल व्हॅलीत सायक्लोक्रॉसची, म्हणजे चिखल-गवतातून सायकल न्यायची, शर्यत होती. क्युपर्टिनोची काही पोरं, रस मेहन आणि त्याचे मित्र, आपल्या फुगीर टायरच्या गाड्यांना गिअर लावून आली. स्वतःच्या गटाला ती ‘मॉरो डर्ट क्लब’ म्हणायची, हबच्या नावावरून! मरीनवाल्यांनी त्या गाड्या पाहिल्या. त्याच सुमारास गॅरी फिशरने आपल्या एक्सेलसियरला गिअर, ड्रम ब्रेक आणि मोटरसायकलच्या ब्रेक लिव्हर लावल्या. आता गाडी चालवत वर जाता येऊ लागलं. माझ्या मते खरी माउंटन बाइक इथे जन्मली. उतार उतरणं हा खेळ होता. वर चढून, पलीकडे उतरून, संध्याकाळी घरी येता येणं म्हणजे प्रवास.

---

निनाद२९

दादा, मस्त धागा. मी वेताळ टेकडीवर सकाळी सायकल चालवतो, २९ इंची चाकं, पुढे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक. या सगळ्या गोष्टी कुठून आल्या याचा कधी विचार केला नव्हता. उतारावर सीट खाली घेता येणारा ड्रॉपर लावायचा विचार आहे. तो तरी नवा शोध आहे ना?

---

डोंगरउतार

निनाद, कल्पना जुनीच आहे. उतारावर सीट खाली हवी हे रीपॅकच्या पोरांना पहिल्या आठवड्यात कळलं असणार. सुरुवातीला त्यांनी सीटच्या नळीला झटपट उघडणारी कळ बसवली, म्हणजे पाना लागत नाही. पण माथ्यावर गाडीवरून उतरून सीट खाली करायची, खाली पोचून परत वर करायची, आणि प्रत्येक वेळी सीट थोडी वाकडी. मग १९८० च्या दशकात जो ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी ‘हाइट-राइट’ नावाची स्प्रिंग काढली. एक टोक सीटच्या नळीला, एक फ्रेमला. चालता चालता कळ सैल करून अंगाचा भार टाकला की सीट खाली, भार काढला की स्प्रिंग तिला सरळ रेषेत वर आणते. माझ्या गाडीवर ती आहे आणि अजून चालते. तुझा ड्रॉपर तिचाच नातू.

---

माधवी_बोल्डर

मी कोलोरॅडोत असते, म्हणून इकडची बाजू सांगते.

मरीनमध्ये पहिली रीपॅक झाली त्याच वर्षी, १९७६ मध्ये, क्रेस्टेड ब्यूट नावाच्या खाणकामगारांच्या जुन्या गावातही असल्याच सायकली होत्या. गावातले रस्ते कच्चे, खड्ड्यांचे, म्हणून सगळे जुन्या फुगीर टायरच्या गाड्या वापरायचे. डोंगरापलीकडच्या ॲस्पेन गावाहून काही मोटरसायकलवाले पर्ल पास ही खिंड ओलांडून आले आणि गावातल्या बारसमोर गाड्या लावून मिरवले. गावच्या पोरांनी ठरवलं, आपण सायकलवर ॲस्पेनला जायचं. खिंडीची उंची सुमारे १२,७०० फूट. गेले, रात्री वाटेत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी ॲस्पेनच्या जेरोम हॉटेलात जाऊन थडकले.

१९७८ ला मरीनवाले या सफरीला आले. दोन गावं, एकमेकांपासून हजारभर मैल दूर, सारख्याच जुन्या गाड्यांवर सारखाच वेडेपणा करत होती. त्यांची ती पहिली भेट मला फार भावते.

मी पर्ल पास एकदा केला, चांगल्या आधुनिक गाडीवर. वरचे शेवटचे दोन-तीन मैल सुट्ट्या दगडांतून सायकल ढकलत नेली. त्या उंचीवर श्वास पुरत नाही. खिंडीत पोचल्यावर वारा इतका की बोलणं ऐकू येत नव्हतं. त्या पोरांच्या गाड्यांना ना गिअर, ना नीट ब्रेक.

आणि बायकांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. वेंडी क्रॅग रीपॅकवर सुरुवातीपासून होती, स्वतः त्या वाटेवर उतरली आणि तिने फोटो काढले. आज त्या काळाचं जे काही आपल्याला डोळ्यांनी दिसतं, त्यातलं बरंचसं तिच्या कॅमेऱ्यामुळे. जॅकी फेलन १९८३ ते ८५ सलग तीन वर्षं अमेरिकेची विजेती. नंतर तिने बायकांना डोंगरात सायकल शिकवायला आपला गट काढला. १९९० ला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा इथेच कोलोरॅडोत, ड्युरँगोला झाली. क्रॉसकंट्रीत, म्हणजे चढउतारांच्या लांब शर्यतीत, पुरुषांत नेड ओव्हरेंड आणि बायकांत जूली फर्टाडो जिंकले.

---

इतिहासवेडा

धागा वाचनीय आहे, पण ‘जन्म’ या शब्दावर माझा आक्षेप आहे. १८९७ मध्ये अमेरिकी सैन्याच्या २५ व्या पायदळाच्या कृष्णवर्णीय सैनिकांनी मोंटानातल्या मिझूलापासून सेंट लुइसपर्यंत सुमारे १९०० मैल सायकली चालवल्या, चिखलातून, डोंगरांतून. १९५० च्या दशकात पॅरिसजवळ सायकलस्वारांचा एक गट टेकड्यांवर खास बदललेल्या सायकली चालवत होता. इंग्लंडमध्ये १९५५ साली ‘रफ स्टफ फेलोशिप’ ही संघटना स्थापन झाली, तीच मुळी डांबर सोडून डोंगरवाटांनी सायकल न्यायला. आणि खुद्द कॅलिफोर्नियात १९५३ ला जॉन फिन्ली स्कॉटने फुगीर टायर, सरळ हँडल, गिअर आणि रिमवर दोन्ही बाजूंनी दाबणारे कँटिलिव्हर ब्रेक लावून जंगलात चालवायची गाडी तयार केली होती. म्हणजे सगळी यादी वीस वर्षं आधीच पूर्ण होती. मग श्रेय एका काउंटीला का?

---

डोंगरउतार

तुमचे सगळे मुद्दे बरोबर आहेत. स्कॉटची गाडी तर मीही मानतो. काळाच्या फार पुढे होती. ‘जन्म’ हा शब्द मी घाईने वापरला.

तरी मरीनचं वेगळेपण मला ठाम दिसतं. स्कॉटच्या गाडीला सोबत नव्हती. रीपॅकवर एकाच उतारावर तीच माणसं पुन्हा पुन्हा आली, घड्याळ लावून. काय मोडतं ते सगळ्यांच्या देखत मोडायचं. फ्रेम मानेजवळ तडकली, चिमटा वाकला, हँडल फिरलं, आणि पुढच्या खेपेला कोणीतरी त्यावर उपाय घेऊन यायचा. जुन्या फ्रेम इतक्या मोडल्या की १९७७ मध्ये जो ब्रीझने क्रोमोली या मजबूत पोलादाच्या नळ्यांची फ्रेम अगदी नव्याने बनवली, फक्त या कामासाठी. १९७८ पर्यंत अशा दहा झाल्या. त्यातली पहिली, म्हणजे पहिली ‘ब्रीझर’, आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मी ती पाहिली तेव्हा दोन्ही बाजूंनी मागपर्यंत जाणाऱ्या बारीक जोडनळ्या बघत उभा राहिलो. तडा गेलेल्या प्रत्येक जुन्या फ्रेमचं उत्तर त्या नळ्यांत आहे.

१९७९ मध्ये टॉम रिची फ्रेम करू लागला आणि गॅरी फिशर व चार्ली केली त्या सायकल करून विकू लागले. कंपनीचं नाव ‘माउंटनबाइक्स’. ते नाव कायद्याने फक्त आपलं करून घ्यायचा त्यांचा प्रयत्न फसला, आणि शब्द सगळ्या जगाचा झाला. १९८१ ला स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली ‘स्टम्पजंपर’ आणली. पंधरा गिअर, ७५० डॉलर. हाताने फ्रेम बनवणाऱ्याच्या रांगेत न थांबता दुकानातून उचलून नेता येईल अशी गाडी. तिच्यावरचे सुटे भाग पाहा : क्रँक (पायडलचे दांडे) आणि ब्रेक फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या सायकलींचे, ब्रेकच्या लिव्हर मोटरसायकलसारख्या. डोंगरासाठी म्हणून बनवलेले भाग तेव्हा फारसे नव्हतेच, जे मिळेल ते जुळवायचं. सुटे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीचा डिओर एक्सटी हा डोंगरी सायकलींचा संच १९८२ ला आला, मागच्या गिअरवर हरणाचं डोकं कोरलेलं. आता ते हरीण दिसलं की जुन्या सायकलींचे शौकीन गाडी थांबवून उतरतात.

---

सह्यस्वार

मी जरा वेगळं बोलणार आहे. जुन्या गाड्यांवर मी खूप प्रेम केलं, पण त्या जोखमीच्या होत्या हेही लिहून ठेवूया. १९९० च्या दशकात हलके, रंगीत सुटे भाग निघाले होते, आठवतं? जांभळे, निळे, ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेले. मी एका छोट्या कारखान्याचा जांभळा क्रँक हौसेने लावला. सहा महिन्यांत उतारावर पायाखाली तुटला. हनुवटीला अकरा टाके. त्या काळी आम्हीच चाचणीचे उंदीर होतो. आज माझी मुलगी डिस्क ब्रेकवर ओल्या उतारावरून दोन बोटांनी थांबते, तेव्हा मला फार बरं वाटतं.

---

डोंगरउतार

पूर्ण मान्य. माझी मुलंही डिस्क ब्रेकवरच शिकली. टाक्यांचं ऐकून वाईट वाटलं.

मला जुन्या गाड्यांची ओढ आहे ती कशासाठी, हे तुमच्यामुळे नीट विचार करून लिहितो. माझ्या अंगठ्याच्या गिअरचंच घ्या. १९८७ च्या एक्सटीमध्ये शिमानोने डोंगराच्या सायकलींना टकटक आवाज करत एकेक घर सरकणारे गिअर दिले. पण त्याच लिव्हरवर एक छोटी कडी आहे. ती फिरवली की टकटक बंद, जुन्या पद्धतीने कानाने अंदाज घेत गिअर लावायचा. चिखलात तार अडकली, मागचा गिअर वाकला, घरं जुळेनात, की कडी फिरवायची आणि घरी यायचं. ज्याने ती कडी दिली त्याला ठाऊक होतं की आपला माणूस दुकानापासून पंधरा मैलांवर, पावसात, एकटा असू शकतो. नंतरच्या दाबायच्या बटणांमध्ये ती कडी गेली. बटणं वेगवान आहेत, खरंच. पण आत बिघडलं तर मला काही करता येत नाही.

सस्पेन्शनचंही तसंच. पॉल टर्नरचा रॉकशॉक्स आरएस-१ हा धक्के झेलणारा पुढचा चिमटा साधारण १९९० ला आला, जेमतेम दोन इंच दबणारा. ड्युरँगोच्या त्या १९९० च्या स्पर्धेत ग्रेग हरबोल्डने तो लावून उताराची शर्यत जिंकली आणि ताठ चिमट्याचे दिवस भरले. मी ताठ चिमट्यावरच शिकलो. ढोपरं, कोपरं सैल ठेवायची, पुढचा दगड आधी ओळखायचा, चाक जाईल ती रेषा निवडायची. ते शिक्षण अंगात राहतं.

---

पेठकर

आमच्याकडे नव्वदीत रेंजर आणि हर्क्युलस या एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, आल्या तेव्हाचं सांगतो. जाड नक्षीचे टायर, सरळ हँडल, मडगार्ड नावापुरते. बहुतेकांना गिअर नव्हते. तरी पोरं दुकानात येऊन नुसता टायर दाबून बघायची. आमच्या वडिलांना ते टायर आवडले नाहीत. म्हणाले, डांबरावर ओढतील. पण एक पोरगा ती गाडी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत नेऊन आला, चिखलाने माखलेली आणि हसतमुख. वडिलांनी स्वतः पाणी मारून धुतली आणि पैसे घेतले नाहीत. त्यांना ती गाडी त्या दिवशी पटली.

---

माधवी_बोल्डर

पेठकरकाका, वाचून डोळे भरून आले.

डोंगरउतार, मरीनमध्ये आता डोंगरातल्या अरुंद पायवाटांवर सायकलींना बंदी आहे असं ऐकते. खरं का?

---

डोंगरउतार

टॅमवर, म्हणजे टॅमलपायस डोंगरावर, बहुतेक पायवाटांवर बंदी आहे, हो. रुंद कच्च्या रस्त्यांवर परवानगी, पण वेग ताशी १५ मैल, वळणावर ५. डोंगराचे रखवालदार वेग मोजायचं यंत्र घेऊन उभे असतात. १९८० च्या दशकापासूनचं भांडण आहे. चालणाऱ्यांची, घोडेवाल्यांची तक्रार खोटी नव्हती. वळणावर अचानक अंगावर येणारी सायकल मीही अनुभवली आहे. पण ज्या डोंगरावर हा खेळ वाढला तिथेच आमची मुलं पायवाटेवर सायकल शिकू शकत नाहीत, याचं दुःख आहे.

मात्र इथे आलात तर फेअरफॅक्सचं सायकल संग्रहालय चुकवू नका. २०१५ ला सुरू झालं. क्रेस्टेड ब्यूटमधलं माउंटन बाइकचं ‘हॉल ऑफ फेम’ आता तिथे आहे. जुने क्लंकर हाताच्या अंतरावरून बघता येतात. मग तिथूनच रीपॅकच्या पायथ्याला सायकलवर जा. मी सोबत येईन.

---

निनाद२९

दादा, एक मदत हवी. हा धागा वाचून मामाच्या माळ्यावरची जुनी सायकल खाली काढली. मागचं चाक फिरवलं की कर्रकर्र आवाज येतो. दुकानदार म्हणाला, अख्खा हब बदल. मी उघडून बघू का?

---

पेठकर

उघड की! खाली पांढरं फडकं अंथर, म्हणजे छरे हरवणार नाहीत. दोन पाने लागतील, कोनचा पाना पातळ असतो तो माग. एका बाजूचा कोन काढ, दुसरी बाजू तशीच राहू दे. छरे मोजून ठेव. कपाच्या आत बोट फिरव. गुळगुळीत लागलं तर हबला काही झालेलं नाही, फक्त ग्रीस वाळलंय. खड्डे लागले तर मला फोटो पाठव.

---

डोंगरउतार

काका म्हणतात तसंच. मागच्या हबात साधारण प्रत्येक बाजूला पाव इंचाचे ९ छरे असतात. जुने परत घालू नको, नवे घे. कोन आवळताना चाक हातात धरून डावी-उजवीकडे हलवून बघ. खेळ जाईपर्यंत आवळ, आणि चाक अडखळायच्या आत थांब.

---

निनाद२९

झालं. सतरा छरे निघाले, एक आधीपासूनच गायब होता. कप गुळगुळीत आहेत. नवे अठरा घातले, बोटाने ग्रीस भरलं. चाक उलटं टांगून फिरवलं, बराच वेळ थांबलंच नाही. उद्या पहाटे टेकडीवर नेतोय.